ओलं बोट

त्या वर्षी ऑफिसात सगळ्यात जास्त हशा पिकला तो एका म्हाताऱ्याच्या बोटावर. नुसत्या बोटावर हो! त्या म्हाताऱ्याचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. व्हिडिओत दिसायचं एक टेबल, टेबलावर एक मोबाईल आणि उजव्या हाताचं एक जाडजूड बोट. ते बोट मोबाईलच्या काचेवर घासलं जायचं, काही होत नाही म्हटल्यावर चित्राच्या बाहेर निघून जायचं आणि परत यायचं ते ओलं होऊन. म्हाताऱ्याने ते जिभेला लावलेलं असायचं. आणि मागून आवाज, "ये रे बाबा, ये. असं काय करतोस?"

एवढंच. पण एवढ्यावर अख्खं ऑफिस पोट धरधरून हसलं. पुढे ती रीतच पडली. प्रिंटरने कागद ओढला नाही की कुणीतरी बोट चाटायचं आणि म्हणायचं, "ये रे बाबा, ये." कॉफीचं मशीन अडलं, ये रे बाबा. पगार उशिरा झाला, ये रे बाबा. तिथे एक पोरगा होता, घरात असो की दारात, गॉगल कायम कपाळावर चढवलेला. त्याला सगळे गॉगलच म्हणत. त्याने त्या बोटाचं हलतं स्टिकर बनवून ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं. दिवसातून कितीदा तरी ते बोट ग्रुपवर वळवळत यायचं.

आणि तो व्हिडिओ जिने आणला होता, तिला एकटीला माहीत होतं की ते बोट तिच्या बापाचं आहे.

ऑफिसात तिला मॅडम म्हणत. घरी ती बबडी. आपणही बबडीच म्हणू. ह्या गोष्टीत मॅडमपणाला काही जागा नाही.

बबडीचं काम असं, की माणसाने यंत्राशी कसं वागायचं आणि यंत्राने माणसाशी कसं, हे ठरवायचं. पहिली नोकरी कपडे धुण्याच्या मशीनच्या कारखान्यात. तिथे तिने बटणं आखली: गोल फिरणारी, दाबली की टक्क म्हणणारी. तिथले जुने हेड सांगायचे, बाई, माणसाचं लक्ष भलतीकडे असलं तरी हाताला कळलं पाहिजे काय दाबलं ते. तेव्हा जागेची ददात नव्हती. एका कामाला एक बटण, संपला विषय. मग जो तो खिशात मोबाईल घालून फिरायला लागला आणि सगळं गणितच फिरलं. तळहाताएवढी काच, त्यात बटणं मांडणार किती? माणूस रस्त्याने चालणार, एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने सगळा कारभार. मग बटणं गेली आणि खुणा आल्या. इकडून ओढा, तिकडे सरकवा, दाबून धरा. काय कुठे दडलंय हे काचेवर लिहिलेलं नसतं. ज्याला ठाऊक त्याची मजा, ज्याला नाही तो बसला चाचपडत. बबडी ह्या दडवादडवीत भलतीच तरबेज निघाली. तिने केलेला स्क्रीन बघून लोक म्हणायचे, वा, किती स्वच्छ! स्वच्छ असणारच, सगळं उचलून पलंगाखाली ढकललेलं.

आता ती होती एका अॅपच्या कंपनीत. घरबसल्या दवाखान्यात नंबर लावायचं अॅप. डॉक्टर निवडा, वेळ निवडा आणि शेवटी खाली पत्त्यांतल्या पानासारखं एक कार्ड येतं, ते बोटाने सरळ वर ओढा, की नंबर पक्का. बोट जरा तिरकं गेलं की कार्ड बाजूला सटकून गडप. ही कल्पना बबडीचीच. त्यासाठी तिची पाठही थोपटली गेली होती. पुढे मात्र तक्रारी यायला लागल्या. वयस्कर माणसं दवाखान्यात जायची, मी नंबर लावलाय म्हणून सांगायची, आणि तिथे नंबर नसायचाच. साहेब ऐकायला तयार नव्हते. "आपल्या टेस्टमध्ये तर सगळ्यांना जमलं," म्हणाले. सगळे म्हणजे कोण, तर ऑफिसातलीच पोरं! बबडीला चूक दिसत होती. तिला तिथे एक साधं, डोळ्यांना दिसणारं बटण हवं होतं. ते साहेबांच्या गळी उतरवायचं तर खऱ्याखुऱ्या माणसाची फजिती दाखवायला हवी, म्हणून तिने वडिलांना गाठलं. हेतू चांगला होता, हे तिच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. ती स्वतःसुद्धा स्वतःला रोज हेच सांगायची.

वडील लाकडी फर्निचरला पॉलिश करणारे. जन्म त्यातच गेला. बोटांची कातडी अशी घट्ट झालेली की गरम कप कानाला न धरता तसाच उचलायचे. मोबाईलची काच असल्या बोटाला ओळखच देत नाही. बोट ओलं केलं तर कधी देते, कधी नाही. बबडीची आई गेल्यापासून ते बबडीकडेच राहत होते, आणि बबडीचा जुना फोन वापरत होते.

सुट्टीच्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॅमेरा लावला. कॅमेरा वरून, फक्त हात दिसतील असा. ह्या कामाची पद्धतच तशी. दुसरी पद्धत अशी, की समोरच्याला मदत करायची नाही आणि त्याने मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायचं. बबडीने ठरलेलं वाक्य म्हटलं, "बाबा, परीक्षा तुमची नाही, अॅपची आहे."

"ते ठीक आहे गं," वडील म्हणाले, "पण नापास झालो तर तुला बोलणी नाही ना बसणार?"

हात तेवढेच दिसणार हे तीनतीनदा सांगूनही ते इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. नखं कापलेली. बोल म्हटल्यावर अगदी शहाण्या विद्यार्थ्यासारखे बोलायला लागले. "आता मी इथे बोट ठेवतोय. हलत नाही. थांब हं." बोट जिभेला. "हां, हललं. अरे! कुठे पळालं? ये रे बाबा, ये. असं काय करतोस?" बराच वेळ हेच चाललं. बबडी पद्धतीप्रमाणे गप्प बसून राहिली. शेवटी त्यांनी हात मांडीवर घेतला आणि हळूच म्हणाले, "बबडे, तू घरात आहेस म्हणून माझं चालतंय. नाहीतर दवाखान्याच्या दारातच उभा राहिलो असतो मी."

हे शेवटचं वाक्य बबडीने व्हिडिओतून कापून टाकलं. तिचं घरचं नाव होतं त्यात.

मीटिंगमध्ये तिने व्हिडिओ लावला. बोट पहिल्यांदा ओलं होऊन आलं तेव्हा दोघं-तिघं हसले. दुसऱ्यांदा आलं तेव्हा सगळे. गॉगल तर खुर्चीवरून खालीच यायचा बाकी होता. कुणीतरी म्हणालं, "ई, ह्यांच्या हातात आपला फोन द्यायला नको!" साहेबांनी डोळे पुसले आणि विचारलं, "कुठून पकडून आणलंत हो ह्या आजोबांना?"

माझे बाबा आहेत. तीन तर शब्द. जिभेवर आलेलेही होते. पण समोर ते ओलं बोट पडद्यावर हे एवढं मोठं थांबलेलं, आणि सगळी माणसं तिच्याकडे हसऱ्या तोंडाने बघत बसलेली. बबडी म्हणाली, "एजन्सीने पाठवले होते." टेस्टला माणसं पुरवणारी एक एजन्सी होती, तिचं नाव पुढे केलं. आणि एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं एकवेळ. पण नाही, ती हसली. सगळ्यांबरोबर, सगळ्यांइतकी हसली.

बटण मंजूर झालं. ओढायचं कार्ड राहिलं आणि त्याच्या खाली ठसठशीत बटण आलं. तक्रारी थांबल्या, बबडीला बढती मिळाली. म्हणजे कामाच्या बाजूने सगळं छानच झालं की! फक्त ते स्टिकर ग्रुपवर आलं की तिचे कान गरम व्हायचे. एकदा कुणीतरी काम रखडल्याचं कळवलं, बाकीच्यांनी बोटं पाठवली, आणि आपण एकटीच गप्प राहिलो तर कुणाच्या डोळ्यांवर यायचं, म्हणून बबडीनेही पाठवलं. स्वतःच्या अंगठ्याने. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

घरी वडील विचारायचे, "काय म्हणाले गं तुझे साहेब? उपयोग झाला ना माझा?"

"खूप झाला, बाबा."

"मग एकदा ने ना मला. बघतो तरी कुठे बसतेस ते."

"नेते ना. जरा काम कमी होऊ दे," बबडी म्हणायची. शेजारपाजारी मात्र वडिलांनी सांगून टाकलं होतं, की मुलीच्या ऑफिसवाल्यांनी माझा व्हिडिओ घेतला, त्यावरून त्यांनी अॅप बदललं. एकदा जिन्यात शेजारीण बबडीला म्हणाली, नशीबवान हो तुझे बाबा. बबडीला नजर कुठे ठेवावी ते कळेना.

आणि मग व्हायचं ते झालं. एका सकाळी बबडी धावतपळत निघाली आणि फोन घरीच चार्जिंगला राहिला. वडिलांना तो दिसला. आता कळवणार कशावर? फोनच तर घरी! बाईमाणूस दिवसभर फोनशिवाय काय करेल म्हणून त्यांनी इस्त्रीचा शर्ट चढवला, बबडीच्या ओळखपत्राच्या जुन्या पाकिटावरून पत्ता उतरवून घेतला आणि बस बदलत, लोकांना विचारत दुपारी ऑफिसच्या दारात हजर.

दार काचेचं. दाराला मूठ नाही, कडी नाही, घंटा नाही. बाजूच्या भिंतीवर एक काळी काच, तिच्यावर अक्षरं: कुणाला भेटायचं ते निवडा. वडिलांनी बोट लावलं. काही नाही. परत लावलं. काही नाही. आतून सगळ्यांना दिसत होतं, एक म्हातारे गृहस्थ बाहेर उभे आहेत. बबडीने मान वर केली, तर बाहेर बाबा! उठावं, धावावं, दार उघडावं. पण ती खुर्चीतच बसून राहिली. वडिलांनी बोट जिभेला लावलं, काचेवर ठेवलं, आणि दाराच्या फटीतून आवाज आत आला, "ये रे बाबा, ये."

मग जो काही हशा उसळला! कुणी टेबलं बडवली, कुणी टाळ्या वाजवल्या. गॉगल धावत जाऊन दार उघडून ओरडला, "अरे, ओरिजिनल आले! आजोबा, तुम्ही आमचे हिरो आहात, माहितीये? या, या!" त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हेच तर वाईट. त्याने वडिलांना हाताला धरून मधोमध आणलं, खुर्ची दिली, पाणी दिलं आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर ते स्टिकर लावून दाखवलं. बोट येतंय, घासतंय, जातंय, ओलं होऊन येतंय. परत येतंय, घासतंय, जातंय.

वडील बघत राहिले. आपलं बोट माणूस ओळखणार नाही होय? आधी ते हसले. इतकी माणसं हसतायत म्हटल्यावर पाहुण्याने हसावं तसं. मग हसता हसता त्यांनी उजवा हात हळूच शर्टाच्या खिशाशी नेला आणि मूठ मिटून घेतली. बबडीने ते पाहिलं.

साहेब बाहेर आले. "नमस्कार आजोबा! तुम्हाला त्या वेळी एजन्सीने पाठवलं होतं ना? आज इकडे कुठे?"

वडिलांना एजन्सी काय ते कळलं नाही. त्यांची नजर माणसांमधून शोधत शोधत बबडीवर आली. ती दोन टेबलं सोडून उभी होती. आता तरी बोल, आता तरी बोल गं, असं तिचं तिलाच ओरडून सांगावंसं वाटत होतं. तोंड उघडलंही. पण आता बोलायचं तर सगळंच बोलावं लागणार: त्या दिवशी खोटं सांगितलं, सगळ्यांबरोबर हसले, स्टिकरही पाठवलं. इतकं सगळं तोंडात मावेना. तिने वडिलांवरची नजर काढून घेतली.

वडिलांना काय कळायचं ते कळलं. त्यांनी खिशातून फोन काढला आणि साहेबांना म्हणाले, "हा फोन... खाली जिन्यात मिळाला. इथल्याच कुणाचा तरी असेल, म्हणून घेऊन आलो."

"अहो, हा तर मॅडमचा!" गॉगल म्हणाला. "मॅडम, बघा! केवढा योगायोग!"

बबडी पुढे आली. वडिलांच्या हातातून तिने फोन घेतला. बोटाला बोट लागलं. आणि तिच्या तोंडून शब्द निघाले ते हे: "थँक्यू, काका."

"असू दे, असू दे," वडील म्हणाले. "येतो मी." बाहेर पडताना दार आतून कसं उघडतं तेही त्यांना कळेना. गॉगलने उघडून दिलं.

उरलेला दिवस बबडीने कसा काढला ते तिचं तिलाच ठाऊक. काका! स्वतःच्या बापाला! बाथरूममध्ये जाऊन तिने तोंडावर पाणी मारलं, आरशात बघणं टाळलं. ऑफिस सुटल्यावर ती घराच्या एक थांबा आधीच बसमधून उतरून चालत निघाली; लवकर पोचायचं नव्हतं तिला. वाटेत वाक्यं जुळवत राहिली. बाबा, मी घाबरले होते. बाबा, त्यांना तसं म्हणायचं नव्हतं. बाबा, मी उद्याच्या उद्या सांगते. एकही वाक्य धड उभं राहीना. वडील चिडले असते, दोन शिव्या हासडल्या असत्या, तर किती बरं झालं असतं! पण हा माणूस चिडणाऱ्यातला नाही, हे तिला चांगलं माहीत होतं आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटत होती.

खिडकीत अजून थोडा उजेड होता. वडील स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसले होते, समोर फोन. तिला बघून म्हणाले, "आलीस? चहा घेणार?"

"बाबा, आज मी जे..."

"ते राहू दे. आधी कॅमेरा काढ तुझा. परत एकदा व्हिडिओ घे."

"कसला व्हिडिओ?"

"तोच गं, नंबर लावायचा. बघ तरी." त्यांनी बोट काचेवर ठेवलं. कोरडं. कार्ड सरळ वर गेलं, नंबर पक्का. त्यांनी तो रद्द केला, पुन्हा लावला. पुन्हा जमलं. "तिकडून आल्यापासून बसलोय. थुंकी नाही, काही नाही. आणि खाली ते तुमचं बटण आलंय ना, त्याला हातसुद्धा लावला नाही. बटण काय, कुणीही दाबेल!" तोंडावर हे एवढं कौतुक, स्वतःचंच.

बबडी जवळ गेली. काचेवर कार्ड ओढल्याच्या वाटेवर लालसर रेघ उमटली होती. तिने वडिलांचा हात धरून उलटा केला. बोटाचं टोक सोलवटून निघालं होतं, ओलं आणि लालभडक, मध्ये रक्ताचे बारीक ठिपके. टेबलाच्या कोपऱ्यात पॉलिशपेपरचा एक घडी घातलेला तुकडा पडला होता.

"हे काय केलंत, बाबा?"

"कातडी जाड झाली होती ना. घासली जरा. आता काच कशी पटकन ओळख देते बघ." सांगताना आवाज अगदी साधा, एखाद्या खुर्चीबद्दल बोलावं तसा.

बबडी त्यांच्यापाशी खाली बसली. त्यांचा हात तिने सोडला नाही. "बाबा, मला लाज वाटते हो," ती म्हणाली. "माझी मला लाज वाटते. मी त्यांना सांगायला हवं होतं. मी हसले, बाबा, मीसुद्धा हसले. तुम्ही मला माफ करू नका."

"वेडी की काय तू!" वडील म्हणाले. "तुझं काय चुकलं त्यात? चारचौघांत बोट चाटलेलं बरं दिसतं का? तुझी आई ओरडायचीच मला त्यावरून. कोण म्हणेल असल्या माणसाला आपला?" त्यांनी हळूच हात सोडवून घेतला, व्हिडिओत दिसू नये म्हणून काचेवरची लाल रेघ शर्टाच्या बाहीने पुसली, खुर्ची पुढे ओढली आणि ताठ बसले. "चल, लाव कॅमेरा. उजेड आहे तोवर घे. ह्या वेळी कुणी हसणार नाही. ह्या वेळी सांग त्यांना खुशाल, की हे माझे बाबा आहेत म्हणून."